प्रदर्शनांतील व्यासपीठ

औद्योगिक प्रदर्शन म्हटलें, कीं झगमगते गाळे, फिरतीं यंत्रें आणि रंगीत पत्रकें डोळ्यांपुढें येतात. परंतु त्याच आवारांत, थोडें बाजूला, एक सभागृह असतें. मशीन टूल्सच्या ‘इम्टेक्स’ प्रदर्शनाचेंच पाहा. भारतीय मशीन टूल निर्मात्यांची संघटना तें १९६९ पासून भरवीत आली आहे. आतां तें बंगळूरला भरतें, व त्याला जोडून तज्ज्ञांचा परिसंवादही होतो. अशा ठिकाणीं गाळ्याचें भाडें चौरस मीटरवर आकारतात. लहान कारखानदाराला तें झेपत नाहीं. व्यासपीठावरचीं वीस मिनिटें मात्र त्याला गाळ्यावांचूनही लाभूं शकतात. अट एवढीच, कीं निमंत्रण यावें लागतें.

तें येतें कसें? पुष्कळांची समजूत अशी, कीं त्यासाठीं मोठी ओळख हवी. ओळखीचा उपयोग होतो, नाहीं असें नाहीं. पण आयोजकांची अडचण निराळीच असते. त्यांना बोलणारे हवे तितके मिळतात. ऐकण्याजोगें सांगणारे मिळत नाहींत. म्हणून प्रदर्शनापूर्वीं कित्येक महिने ते निबंधांचे गोषवारे मागवितात. बहुतेक अर्ज येथेंच गारद होतात, कारण त्यांत ‘आमचें यंत्र सर्वोत्कृष्ट’ याखेरीज कांहीं नसतें. निवड करणारे बहुधा त्याच धंद्यांत मुरलेले असतात. त्यांना जाहिरात वासानें कळते.

याउलट, समजा, एखाद्यानें लिहिलें, कीं ‘लेथवर पोलाद कातीत असतां हत्याराची धार पन्नास नगांनंतर जाई, कूलंटच्या धारेची दिशा बदलतांच ती ऐंशी नगांपर्यंत टिकली, पण बिडावर हा उपाय फसला.’ हा मजकूर वाचणारा थांबतो. विशेषतः फसलेलें सांगितल्यामुळें मोजमापांवर विश्वास बसतो.

येथें एक धोका आहे. नवा शोध जाहीर सभेंत उघड केल्यावर त्याचें पेटंट बहुधा हातचें जातें. तेव्हां अर्ज आधीं, भाषण मागाहून. दुसरें, कांहीं ‘निमंत्रणां’च्या मागें फीचें बिल येतें. ती विकत घेतलेली जाहिरातीची वेळ होय; श्रोतेही तें ओळखतात. पत्र येतांच खर्च कोणाचा, हें स्पष्ट विचारावें. त्यांत संकोच नको.

नवख्यानें आरंभ घराजवळच करावा. पुण्याच्या मराठा चेंबरसारख्या, १९३४ पासून चालत आलेल्या संस्था आहेत. गांवोगांवीं कारखानदारांचीं मंडळें आहेत. तेथें केलेल्या भाषणाची चित्रफीत पुढील अर्जासोबत जोडतां येते.