एकं, दहं, शतं आणि एक स्वल्पविराम

२००९ साली महाप्यातल्या एका छोट्या कंपनीत मी बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो. रकमा सांभाळणारा क्लास बाहेरून विकत घेतलेला. सोर्स कोड हाती नाही, आणि क्लास 'सील्ड' असल्यामुळे त्याच्यावरून नवा क्लासही काढता येत नव्हता. हिशेब चोख, पण रक्कम दाखवायचा १,२३४,५६७ अशी. वाशीच्या दाणा बाजारातल्या एका व्यापाऱ्याने छापील बिल हातात घेतलं आणि उजवीकडून एकेका आकड्यावर बोट ठेवत पुटपुटला, "एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष... बारा लाख होय!" ते बोट मी विसरलो नाही.

उपाय सापडला तो सी-शार्पच्या २००७ मधल्या ३.० आवृत्तीत आलेल्या एक्स्टेन्शन मेथडमध्ये. आपल्या स्टॅटिक क्लासात मेथड लिहायची, पहिल्या पॅरामीटरआधी 'धिस' लावायचं; मग ती जुन्या क्लासचीच असल्यासारखी वापरता येते. त्या मेथडमध्ये आकड्यांच्या गटांच्या मापात ३ आणि २ दिले, की उजवीकडचा गट तीन आकड्यांचा आणि पुढचे दोन-दोनचे: १२,३४,५६७. या मेथडला क्लासच्या खासगी गोष्टी दिसत नाहीत, आणि त्याच नावाची, तेच पॅरामीटर घेणारी मेथड मुळात असेल तर मान मूळ मेथडलाच. मला ही शिस्त फार आवडली.

या मेथडचं खरं मोल पुढच्या वर्षी कळलं. १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारने डी. उदयकुमार यांनी रेखाटलेलं ₹ हे चिन्ह स्वीकारलं. ऑक्टोबरमध्ये युनिकोड ६.० मध्ये त्याला स्वतःची जागा मिळाली. मधल्या घाईत काही फॉन्टनी ` या खुणेच्या जागीच रुपया बसवला होता. फॉन्ट नसलेल्या संगणकावर रकमेआधी नुसती ती खूण उमटे. युनिकोडनंतरही जुन्या मशीनवर कितीतरी दिवस रिकामा चौकोन दिसायचा. आमचं 'रु.' मात्र त्या एकाच मेथडमध्ये होतं. फॉन्ट सगळीकडे पोचल्यावर एक ओळ बदलली आणि सगळी बिलं बदलली.

जावावाल्या मित्रांना मात्र स्वल्पविरामांची ही मांडणी जड गेली. तिथला डेसिमलफॉरमॅट गटाचं एकच माप जाणतो, म्हणून लाख-कोटीसाठी आयसीयू ही वेगळी लायब्ररी आणावी लागे. आज ब्राउझरला मराठी लोकेल सांगितलं, की तो आपणहून १२,३४,५६७ लिहितो, तेही देवनागरीत.

पंधरा वर्षांपूर्वी ज्यासाठी धडपडलो, ते आता आयतं मिळतं याचा मला मनापासून आनंद आहे. कारण बिल बरोबर असून भागत नाही. बोट न लावता ते वाचता आलं पाहिजे.