पाठीवरचं पान

कविता वाचणाऱ्याला पान उलटायची घाई नसते. तो एका ओळीवर रेंगाळतो. नेहमीच्या मोबाइलला मात्र हे रेंगाळणं परवडत नाही. पडदा उजळ ठेवायला बॅटरी झिजते, नाहीतर पडदा मिटतो.

२०१३ साली रशियातल्या योटा डिव्हायसेस कंपनीनं यावर एक तोडगा आणला. तिच्या योटाफोनला पुढं रंगीत पडदा होता आणि पाठीवर दुसरा, ई-इंकचा. या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात. प्रत्येकीत परस्परविरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण. वीज मिळाली की हवे ते कण वर येतात, अक्षर उमटतं. पुढं वीज लागते ती पान बदलतानाच. बॅटरी संपली तरी शेवटचं पान दिसत राहतं! उजेड मात्र बाहेरचा हवा, कागदाला लागतो तसाच. म्हणून भर उन्हात वाचता येतं, अंधारात नाही.

अडचण होती ती रुंदीची. २०१४च्या योटाफोन २चा मागचा पडदा ४.७ इंचांचा. अक्षर मोठं केलं की ओळ मोडते. कादंबरीचं त्यानं बिघडत नाही. गझलेचा मिसरा मधेच तुटला की लय अडखळते.

२०१९मध्ये ही कंपनी बंद पडली. तेव्हा ई-पुस्तक घेताना एवढं पाहावं, की ते ईपबसारख्या, दुसऱ्या यंत्रावरही उघडणाऱ्या स्वरूपात आपल्याजवळ राहील. यंत्रं येतात, जातात. पुस्तक त्यांच्याबरोबर जाऊ नये.