भाषेतील विरोधाची मांडणी

सकाळची वेळ. अंधेरी स्थानकात चर्चगेटची धीमी गाडी शिरते. फलाटावरचे एक गृहस्थ ओरडतात, "आत सरका हो, पुष्कळ जागा आहे!" कसेबसे ते आत शिरतात. पार्ले येताच तेच गृहस्थ दारातून सांगतात, "अहो, जागा कुठाय? मागून रिकामी गाडी येतेय!" आपल्याला हसू येते. का बरे? माणूस तोच, डबा तोच; तो आधी दाराबाहेर होता, आता आत आहे, इतकेच.

विरोधी मांडणीचे मर्म यातच आहे. दोन बाजू एकाच साच्यात शेजारी ठेवल्या, की फरक डोळ्यांत भरतो. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण घ्या. नावासमोर हात, सोन्यासमोर कथील! 'सोनूबाई गरीब आहे' एवढेच म्हटले असते तर कोणाच्या लक्षात राहिले असते? हिला विरोधाभास मात्र म्हणू नये. 'विद्या दिल्याने वाढते' हा विरोधाभास; तेथे विरोध नुसता दिसतो, विचार करताच मावळतो. विरोधी मांडणीत तो खरा असतो.

निदान असायला हवा! कारण तोलदार वाक्य कानाला गोड लागते आणि तेवढ्यानेच ते खरे वाटू लागते. 'आधी राजकीय की आधी सामाजिक?' हा टिळक-आगरकरांच्या काळातला वाद आठवा. मतभेद विकोपाला जाऊन आगरकरांनी १८८७ साली 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. न्यायमूर्ती रानडे मात्र १८८५ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाला हजर होते, आणि १८८७ साली सामाजिक परिषद सुरू करण्यातही तेच पुढे होते. 'की'च्या जागी त्यांनी 'आणि' घातला.

हे जुने झाले म्हणाल, तर गोरेगावच्या आरे वसाहतीतला २०१९ चा वाद पाहा. 'झाडे हवीत की मेट्रो?' असा प्रश्न तेव्हा घरोघर झाला. पण झाडे तोडण्यास विरोध करणारे पुष्कळजण मेट्रो नकोच असे म्हणत नव्हते. कारशेड दुसरीकडे न्या, म्हणत होते. कारशेड कोठे, हा खरा प्रश्न त्या एका 'की'आड झाकला गेला.

तेव्हा पुढच्या सभेत 'हे की ते?' असे ऐकलेत, तर टाळी वाजवण्यापूर्वी मनातल्या मनात 'की' काढून 'आणि' घालून पाहा. वाक्य मोडले तर विरोध खरा. उभे राहिले, तर उत्तर देण्याची घाई करू नका. आधी प्रश्नच नीट विचारायला सांगा.