जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी

विंडोज १० या कार्यप्रणालीच्या नियमित दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व ठराविक नवेच प्रोसेसर लागतात. त्यामुळे अनेक छोट्या दुकानदारांचे धडधाकट संगणक अडचणीत आले आहेत. नवा घ्यावा तर भांडवलाला हात लागतो. जुनाच तसा चालवावा तर त्यावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे.

तिसरा मार्ग लिनक्सचा आहे. तो मोफत आहे आणि कायदेशीरही. चोरीची प्रत वापरण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र त्याचे प्रकार इतके आहेत की नवखा माणूस गोंधळून जातो. तंत्रज्ञ नसणाऱ्यांना आम्ही लिनक्स मिंट सुचवू. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, अशी त्याची मांडणी विंडोजवाल्याला ओळखीची वाटते. २०२४ साली आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. किमान २ जीबी रॅम लागते. ४ जीबी असल्यास काम सुखाने चालते. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस सोबतच येतात. युनिकोड मराठीही लिहिता येते.

पण घाई करू नये. आठवडाभरात संगणकावर कोणकोणती कामे होतात, ती आधी कागदावर लिहून काढावीत. हिशेब टॅलीवर असेल तर तो संगणक बदलू नये, कारण टॅली विंडोजसाठीच बनविलेली आहे. डिजिटल सहीचे टोकन आणि बिलाचा प्रिंटर लिनक्सवर चालतो का, हे विक्रेत्याला विचारावे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर नीट दिसतो का, तेही पाहावे.

मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. हार्ड डिस्कवरील विंडोजला धक्का लागत नाही. दोन-चार दिवस प्रिंटर, वाय-फाय, मराठी टायपिंग असे सारे तपासावे. नोकरालाही बसवून पाहावे, कारण रोजचे काम त्यालाच करायचे असते. समाधान झाले तरच कायमचे बसवावे आणि त्याआधी हिशेबाच्या सर्व फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी.

शेवटची गोष्ट : अडल्यावर धावून येणारा माणूस जवळपास आहे का, हे आधी पाहावे. कार्यप्रणाली फुकट मिळाली, तरी दुकान एक दिवस बंद राहिले तर ते महागातच पडते.