फुग्याचा आवाज आणि घुमटाचा निनाद

इस्तंबूलच्या हागिया सोफिया या प्राचीन वास्तूत २०१० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी फुगे फोडून तो आवाज ध्वनिमुद्रित केला. भिंती व घुमटावरून पुनःपुन्हा परावर्तित होणारा तो आवाज विरायला सुमारे ११ सेकंद लागतात. हा निनाद म्हणजे त्या वास्तूची जणू ध्वनिमुद्राच!

संगणक एका सेकंदाचे गाणे बहुधा ४४,१०० अंकांत साठवतो. प्रत्येक अंक म्हणजे एक लहान-मोठा फुगा समजा. प्रत्येकासाठी निनादाची त्या प्रमाणात लहान-मोठी प्रत घ्या, ती त्याच्या क्षणापासून सुरू करा आणि सर्व प्रतींची बेरीज करा. हेच 'कन्व्होल्यूशन'. सरळ रीतीने यासाठी सेकंदाला सुमारे २,१३९ कोटी गुणाकार पडतात. म्हणून फूरिए रूपांतराची जलद रीत वापरतात.

मग असा 'प्लगइन' निवडताना काय पाहावे? मूळ गणित सर्वांत एकच. म्हणून आधी निनादाचे ध्वनिमुद्रण पारखावे. गाता गाताच निनाद ऐकायचा असेल, तर विलंबही तपासावा. कॅपेला रोमाना या गायकवृंदाने २०१९ च्या ध्वनिमुद्रिकेत त्या घुमटाखाली न जाताच बायझंटाइन स्तोत्रे त्याच्या निनादात ऐकवली, ती याच गणिताच्या बळावर!