तिपाई, छायाचित्रणाची

छायाचित्र घेताना कॅमेरा हालू नये म्हणून त्याला आधार देणारे, तीन पायांचे व घडी घालून नेता येणारे साधन. व्यवहारात यास ‘ट्रायपॉड’ किंवा नुसते ‘स्टँड’ असे म्हणतात. कोणतेही तीन बिंदू एकाच प्रतलात असतात. त्यामुळे जमीन कितीही उंचसखल असली, तरी तीन पायांचे साधन न डुगडुगता उभे राहते. चार पायांच्या साधनाचा एक पाय अशा जमिनीवर बहुधा अधांतरी राहतो. याच कारणास्तव भूमापनाच्या थिओडोलाइटासारख्या उपकरणांसाठीही तिपाईच वापरली जाते. उघड्यावरील छायाचित्रणात वारा, उतार, वाळू, चिखल व पाणी यांना तोंड द्यावे लागत असल्याने तेथे तिपाईची मजबुती विशेष महत्त्वाची ठरते. ही मजबुती केवळ वजनावर किंवा किमतीवर अवलंबून नसते. पाय, सांधे, शीर्ष व कॅमेऱ्याची पकड या साखळीतील सर्वांत दुबळा दुवा जितका दृढ, तितकीच संपूर्ण तिपाई दृढ असते. आणि ही दृढता पुढे किती वर्षे टिकेल, हे तिच्या निगेवर ठरते.

इतिहास : छायाचित्रणाच्या प्रारंभीच्या काळात तिपाईवाचून चित्र घेणे जवळजवळ अशक्य होते. १८३९ मध्ये जाहीर झालेल्या दागेअर यांच्या पद्धतीत उद्‌भासनास (प्रकाश पट्टिकेवर पडू देण्यास) कित्येक मिनिटे लागत. १८३८ मध्ये त्यांनी घेतलेल्या पॅरिसमधील एका हमरस्त्याच्या चित्रात ये-जा करणारी माणसे व वाहने उमटली नाहीत. बूट साफ करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला मनुष्य मात्र उमटला. पुढे ओल्या कोलोडियन पट्टिकांमुळे हा काळ काही सेकंदांवर आला, तरी कॅमेरा मोठा व जड असल्याने भक्कम लाकडी तिपाई आवश्यकच राहिली. सॅम्युएल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराने १८६३ ते १८६६ या काळात हिमालयात तीन सफरी केल्या. कॅमेरा, काचेच्या पट्टिका, रसायने व अंधारतंबू वाहून नेण्यासाठी त्याच्यासोबत हमालांचा मोठा तांडा असे. १८६६ मध्ये त्याने सु. ५,५०० मी.पेक्षा अधिक उंचीवरील मणिरंग खिंडीत छायाचित्रे घेतली.

जिलेटिनाच्या कोरड्या पट्टिका (१८७१ नंतर), कोडॅकचा हाती धरण्याचा कॅमेरा (१८८८) आणि ३५ मिमी. फिल्मचा लायका कॅमेरा (१९२५) यांमुळे हातात धरून चित्र घेणे शक्य झाले व तिपाई सर्वांसाठी अनिवार्य राहिली नाही. लाकडाची जागा हळूहळू ॲल्युमिनियमाच्या नळ्यांनी घेतली. १९९४ मध्ये गिट्झो या मूळच्या फ्रेंच कंपनीने कार्बन तंतूंच्या नळ्यांची तिपाई बाजारात आणली. त्यानंतर ताकद व हलकेपणा यांचा मेळ घालणे पुष्कळ सोपे झाले.

आवश्यकता : हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी एक स्थूल नियम सांगितला जातो : उद्‌भासनकाल भिंगाच्या मिलिमीटरमधील केंद्रांतराच्या व्यस्तांकाहून अधिक नसावा, म्हणजे २०० मिमी. केंद्रांतराच्या भिंगासाठी तो १/२०० सेकंदाहून अधिक असू नये. हे भिंग केवळ ४ विकला, म्हणजे एका अंशाचा सु. ९०० वा भाग, इतके कलले तरी प्रतिमा सु. ४ मायक्रोमीटर सरकते. आजच्या अनेक अंकीय कॅमेऱ्यांत एका प्रतिमाबिंदूचा आकार साधारण एवढाच असतो. प्रतिमेतील हा दोष डोळ्यांना कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर दिसत नाही. चित्र मोठे केल्यावरच तो उघड होतो.

कंपविरोधी यंत्रणा असलेल्या कॅमेऱ्यांमुळे ही मर्यादा बरीच शिथिल झाली आहे. तथापि पहाटेचे निसर्गदृश्य, वाहते पाणी, तारांगण यांसारख्या विषयांसाठी उद्‌भासनकाल काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत ठेवावा लागतो. मेअखेर व जूनच्या आरंभी भंडारदऱ्याच्या परिसरात चमकणाऱ्या काजव्यांचे चित्रण हे याचे परिचित उदाहरण होय. अशा वेळी तिपाईस पर्याय नसतो. शिवाय तिपाईमुळे चौकट सावकाशपणे व विचारपूर्वक जुळविता येते.

रचना : तिपाईचे पाय व शीर्ष असे दोन मुख्य भाग असतात. प्रत्येक पाय एकात एक सरकणाऱ्या तीन ते पाच नळ्यांचा असतो. त्या हव्या त्या लांबीवर पक्क्या करण्यासाठी पिळाच्या कड्या किंवा खटके असतात. खटके झटपट उघडतात व ते लागले की नाही हे डोळ्यांना दिसते. मात्र ते झुडपांत अडकतात व त्यांचे स्क्रू वेळोवेळी आवळावे लागतात. पिळाच्या कड्या आटोपशीर असून पूर्ण उलगडून धुता येतात, परंतु त्यांच्या आट्यांत वाळू शिरल्यास त्या करकरतात व झिजतात.

नळीची दृढता मुख्यतः तिच्या व्यासावर अवलंबून असते. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दीडपट केल्यास वाकण्याला होणारा विरोध सु. ३.४ पट होतो. उलटपक्षी एका टोकाशी पक्क्या केलेल्या नळीची लांबी दुप्पट केल्यास तेवढ्याच बलाने ती आठपट वाकते. म्हणून सर्वांत खालची, बारीक नळी ही पायाची दुबळी बाजू असते. चार किंवा पाच नळ्यांच्या पायाची घडी आखूड होते. परंतु त्याची शेवटची नळी तीन नळ्यांच्या पायातील शेवटच्या नळीपेक्षा बारीक असते आणि सांधाही वाढतो. मधला उभा दांडा वर काढल्यास उंची मिळते, पण त्या भागापुरती तिपाई ‘एकपाई’ बनते. दांडा नसलेली तिपाई अधिक दृढ असते व जमिनीलगत बसविता येते.

ॲल्युमिनियम स्वस्त व टिकाऊ असून आघाताने पोचते, पण सहसा एकाएकी तुटत नाही. कार्बन तंतूंची तिपाई त्याच आकाराच्या ॲल्युमिनियमाच्या तिपाईहून साधारणतः २० ते ३० टक्के हलकी असते, तिच्यातील कंप लवकर शमतात व थंडीत ती हाताला गार लागत नाही. मात्र टोकदार आघाताने तिच्या नळीस तडा जाऊ शकतो. ॲशसारख्या लाकडात कंप शमविण्याचा गुण उत्तम असतो. वजनाची अडचण नसेल तेथे लाकडी तिपाई आजही वापरली जाते.

शीर्षाचे तीन प्रकार प्रचलित आहेत. गोलक शीर्षात (बॉल हेड) एकच कळ सैल करून कॅमेरा कोणत्याही दिशेस वळविता येतो. तीन दांड्यांच्या शीर्षात प्रत्येक दिशा स्वतंत्रपणे व अचूक जुळविता येते. स्थापत्याच्या चित्रणास ते सोयीचे पडते. जड दूरचित्रण भिंगासाठी गिंबल शीर्ष वापरतात. त्यात भिंग आपल्या गुरुत्वमध्याशी तोललेले असल्याने उडत्या पक्ष्यामागे सहज फिरविता येते. कॅमेऱ्याच्या तळाशी १/४ इंच व्यासाचे, दर इंचास २० आटे असलेले छिद्र असते. शीर्ष व पाय यांच्या जोडणीस सामान्यतः ३/८ इंच व्यासाचा, दर इंचास १६ आट्यांचा स्क्रू असतो. ही मापे आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार ठरलेली असल्याने निरनिराळ्या उत्पादकांचे भाग एकमेकांस बसतात.

खरेदी : प्रथम आपला कॅमेरा व सर्वांत जड भिंग यांचे एकत्रित वजन करावे. उत्पादक भारक्षमता सांगतात, पण ती मोजण्याच्या त्यांच्या पद्धती सारख्या नसतात. म्हणून वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भारक्षमता असलेले साधन घेणे इष्ट. एकत्रित वजन ३ किग्रॅ. असल्यास ६ ते ९ किग्रॅ. क्षमतेचे पाय व तितक्याच क्षमतेचे शीर्ष घ्यावे. उत्तम पायांवर हलके शीर्ष बसविल्यास पायांवरील खर्च वाया जातो.

उंची ठरविताना मधला दांडा न उचलता कॅमेऱ्याची नेत्रिका डोळ्याशी यावी. १६५ सेंमी. उंचीच्या व्यक्तीचे डोळे सु. १५३ सेंमी.वर असतात, शीर्ष व कॅमेरा यांची सु. २० सेंमी. उंची वजा करता पायांची उंची १३० ते १३५ सेंमी. असल्यास पुरते. डोंगरउतारावर खालच्या बाजूचे पाय अधिक लांब करावे लागतात. त्यासाठी १५ सेंमी. जादा लांबी हाताशी असावी.

दुकानातच काही परीक्षा घेता येतात. पाय पूर्ण लांब करून, कळा आवळून, वरून दोन्ही हातांनी दाबावे. एकही नळी सरकता कामा नये. माथा धरून हलकेच पिळून पाहावा. तेथे खेळ जाणवल्यास सांधे ढिले आहेत असे समजावे. शक्य असल्यास आपले सर्वांत लांब भिंग लावून दूरची पाटी पडद्यावर मोठी करून पाहावी व पायावर टिचकी मारावी. प्रतिमा किती काळ थरथरते, यावरून दोन तिपायांची तुलना करता येते. गोलक शीर्षाची कळ आवळल्यानंतर भिंगाचे तोंड खाली झुकत असेल, तर ते शीर्ष त्या भारास अपुरे होय. सुटे भाग व दुरुस्तीची सोय उपलब्ध आहे किंवा नाही, हेही विचारावे.

वजनाबाबत विवेक करावा लागतो. गडावर चढविता येत नाही म्हणून घरी राहिलेली भक्कम तिपाई निरुपयोगी, तर वाऱ्यात डोलणारी हलकी तिपाई फसवी असते. हलक्या तिपाईवरून कलंडलेल्या कॅमेऱ्याचे नुकसान तिपाईच्या किमतीत झालेल्या बचतीहून पुष्कळदा अधिक असते. पायी हिंडणाऱ्याने उंचीत थोडी तडजोड करून जाड नळ्यांची, आखूड व दांडा नसलेली तिपाई घेणे हा बहुधा योग्य मध्यममार्ग ठरतो.

वापर : प्रथम वरच्या, जाड नळ्या उघडाव्यात व गरज पडली तरच खालच्या. पाणी, वाळू वा चिखल यांत उभे राहताना मात्र याच्या उलट करावे. सर्वांत खालची नळी पुरती बाहेर काढल्यास सांधा पाण्यावर राहतो. उतारावर दोन पाय खालच्या व एक वरच्या बाजूस असावा. वाऱ्यात तिपाई ठेंगणी करावी, कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवावा व मधल्या आकड्यास थैली अडकवावी. थैली जमिनीला टेकलेली असावी, अन्यथा तीच झोके घेऊन कंप निर्माण करते. झडप दूरनियंत्रकाने किंवा दोन सेकंदांच्या विलंबाने उघडावी. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात सु. १/३० ते १/२ सेकंद या कालावधीत आरशाच्या हादऱ्याचा परिणाम अधिक दिसतो; त्यासाठी आरसा आधी उचलून धरण्याची सोय वापरावी. कंपविरोधी यंत्रणा तिपाईवर बंद ठेवावी, असे अनेक उत्पादक सुचवितात.

शेवाळलेल्या कातळावर रबरी टाचा घसरतात. तेथे धातूची अणकुचीदार टोके उपयोगी पडतात. मात्र कास पठारासारख्या ठिकाणी कातळावरील मातीचा थर अत्यंत पातळ व वनस्पती नाजूक असल्याने पाय उघड्या खडकावर किंवा पायवाटेवरच रोवावेत. पुरातत्त्वीय संरक्षित स्मारकांत तिपाई वापरण्यास सामान्यतः पूर्वपरवानगी लागते. कार्बन तंतू व ॲल्युमिनियम हे दोन्ही विद्युत्‌संवाहक असल्याने वळवाच्या वादळात उघड्या माथ्यावर वा कड्यावर तिपाई उभारणे धोक्याचे असते.

निगा : तिपाईचे सर्वांत मोठे शत्रू खारे पाणी व वाळू हे होत. समुद्रकिनाऱ्यावरून परतताच पाय पूर्ण लांब करून गोड्या पाण्याने धुवावेत व घडी न घालता सावलीत वाळवावेत. ओली तिपाई पिशवीत बंद करून ठेवल्यास आत पाणी साचते. कार्बन व ॲल्युमिनियम जेथे एकमेकांस भिडतात, तेथे खारे पाणी राहिल्यास विद्युत्‌रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झपाट्याने गंजते.

पिळाच्या कड्यांची तिपाई वर्षातून एकदा, आणि वाळूत किंवा खाऱ्या पाण्यात वापरल्यास प्रत्येक मोसमानंतर, उलगडावी. एका वेळी एकच पाय उलगडल्यास भागांची सरमिसळ होत नाही. नळीच्या टोकाशी असलेल्या प्लॅस्टिकच्या अर्धगोल पट्ट्यांचा क्रम व दिशा लक्षात ठेवावी. आटे जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने व सौम्य साबणाच्या पाण्याने स्वच्छ करावेत आणि पूर्ण कोरडे झाल्यावर केवळ आट्यांना ग्रीजचा पातळ थर द्यावा. नळ्यांना किंवा पकडीच्या पट्ट्यांना तेल लावू नये. त्याने पकड घसरते व धूळ चिकटते. गोलक शीर्षाची पकड घर्षणावरच अवलंबून असल्याने त्याच्या गोलासही तेल लावू नये. तो कोरड्या फडक्याने पुसावा.

पाय माथ्याला जेथे जोडलेले असतात, तेथील स्क्रू वापराने सैल होतात. पाय आडवा धरून सोडल्यास तो आपल्या भाराने एकदम खाली पडू नये, इतपत ते षट्‌कोनी किल्लीने आवळावेत. अधिक बल लावल्यास आटे जातात. पिळाच्या कड्याही हाताने घट्ट बसतील इतक्याच आवळाव्यात. झिजलेल्या रबरी टाचा वेळीच बदलाव्यात. कार्बनच्या नळ्यांवर अधूनमधून बोट फिरवून तडा किंवा उठलेले तंतू आहेत का, हे तपासावे. नळ्या व धातूचे भाग पुष्कळदा चिकटद्रव्याने जोडलेले असतात. म्हणून उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तिपाई दीर्घकाळ ठेवू नये. पोचलेली नळी, सुटलेला सांधा वा झिजलेली पट्टी बदलून तिपाई पुन्हा कार्यक्षम करता येते. तडा गेलेली कार्बनची नळी मात्र डागडुजी न करता बदलणेच सुरक्षित असते.