तीन मीटर पाऊस आणि कोरडा मे

मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूण सोडून परशुराम घाट चढला की लोटे येतं. जुलैत इथे गाडीचे वायपर पुरे पडत नाहीत. एप्रिलमध्ये त्याच रस्त्याकडेचं गवत एका काडीने पेटेल इतकं वाळलेलं असतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, सोलापूरच्या पाचपटीच्या आसपास. तरी उन्हाळ्यात लोट्याच्याच खेड तालुक्यातल्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी चार जणांनी मिळून भाजीची बाग करायची म्हटलं, तर पहिला प्रश्न बियाण्याचा नसतो. एवढं पाणी गेलं कुठे, हा असतो.

उत्तर पायाखाली आहे. सड्यावरचा, म्हणजे इथल्या खडकाळ पठारावरचा, जांभा दगड मुळात काळा बेसाल्टच. लाखो वर्षं पावसाने तो धुतला. त्यातली सिलिका, चुना, मॅग्नेशियम वाहून गेलं आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरलं. तांबडा रंग आहे तो त्या लोहाच्या गंजाचा. हा दगड खाणीत असताना लोखंडी हत्याराने कापता येतो आणि हवेवर आला की कठीण होतो, असं फ्रान्सिस बुकॅनन या ब्रिटिश सर्वेक्षकाने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात नोंदवलं आहे. आपल्या चिरेखाणीवरच्या माणसाला ते सांगायला साहेब लागला नव्हता. जांभा आतून छिद्रांनी भरलेला असतो. पाणी त्यातून सरळ खाली उतरतं, तळच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. वर तहान आणि खाली झरा, हा कोकणचा भूगोल आहे. सड्यावरची पातळ माती आणखी एक खोडी करते. तिच्यातलं लोह स्फुरदाला इतकं घट्ट धरून ठेवतं की खत घातलं तरी मुळाच्या वाट्याला थोडंच येतं. म्हणून इथे बागेचा खरा आधार पालापाचोळा आणि शेणखत.

आता हिशोब करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे लोट्याच्या एका चौरस मीटरवर पावसाळ्यात तीन हजार लिटर ओतले जातात. कोरड्या दिवसांत भाजीच्या वाफ्याला त्याच चौरस मीटरमागे रोज साधारण पाच लिटर लागतात असं धरा. नोव्हेंबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत दोनशे दिवस, म्हणजे हजार लिटर. गरजेच्या तिप्पट पाणी आपल्या डोक्यावर पडून गेलेलं असतं! हा आकडा पहिल्यांदा कागदावर मांडला की माणूस थोडा वेळ गप्पच बसतो.

मग ते साठवायचं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंबा-काजूच्या कलमांसाठी ‘कोकण जलकुंड’ सुचवलं आहे: खड्डा खणायचा, आत प्लास्टिक अंथरायचं, पावसाने भरू द्यायचा. चार मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्ड्यात चार हजार लिटर मावतात. पण ऊन आणि वारा उघड्या पाण्यातून रोज सुमारे पाच मिलिमीटर उचलून नेतात. दोनशे दिवसांत किती? एक मीटर. म्हणजे तुम्ही एक थेंबही न वापरता, मे संपेपर्यंत तो खड्डा आपोआप कोरडा. झाकण हे जलकुंडाचं शोभेचं अंग नव्हे. निम्मं काम तेच करतं.

वाफ्यात पाणी देतानाही ऊन-वाऱ्याचा हाच चोर आड येतो, आणि त्यावरचा उपाय कुंभाराकडे मिळतो. न रंगवलेलं, सच्छिद्र मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरा, पाण्याने भरा, वर झाकणी ठेवा. भोवतालची माती कोरडी झाली की ती मडक्याच्या अंगातून पाणी ओढते. ओली असली की ओढ मंदावते. तोटी नाही, वीज नाही, तरी मागणीप्रमाणे पुरवठा. वरची माती कोरडीच राहत असल्यामुळे उडून जाणारं पाणी वाचतं, तणही कमी येतं. चीनमध्ये फान शंग-च या लेखकाने दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात ही रीत लिहून ठेवली आहे. फक्त गढूळ पाणी भरू नये, छिद्रं बुजतात.

लोट्यात आणखी एक खबरदारी हवीच. हे रासायनिक कारखान्यांचं गाव आहे आणि सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी जुन्या आहेत. खायची भाजी लावण्याआधी विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावं. छपरावरून पाणी धरायचं तर पहिल्या सरी सोडून द्याव्यात.

आणि सर्वांत अवघड गोष्ट माणसांची. जुलैत वनमहोत्सवाला रोप लावायला, फोटोला उभं राहायला कुणीही येतं. फेब्रुवारीत मडकी भरायला कोण? भातकापणीनंतर मोकळी सुटलेली गुरं हाकलायला, माकडांवर नजर ठेवायला, पडलेला गडगा पुन्हा रचायला कोण? कारखान्यात रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी सहाला बागेत येईल, पण उरलेल्यांनीही आपला वार पाळला तर. इथे धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची फड पद्धत आठवावी. शतकानुशतकं तिथल्या शेतकऱ्यांनी बंधारा, पाट आणि पीक कोणतं घ्यायचं हा निर्णय सामाईक ठेवला. पाणी कुणाच्या शेतात कधी जाईल हे शेतकरी ठरवत नाही, पाटकरी ठरवतो. स्वयंसेवकांच्या बागेलाही असा एक पाटकरी हवा, ज्याचा स्वतःचा वाफा त्या आठवड्यात शेवटी भिजेल. माझ्या मते मडक्यांपेक्षाही बाग या एका नेमणुकीवर तरते.

हे सगळं जड वाटत असेल तर पहिल्या वर्षी फक्त कुळीथ आणि पावटा घ्या. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर ही पिकं येतात. भाजीच करायची असेल तर मात्र खड्डा एप्रिलमध्ये खणून ठेवा. मे संपता संपता सुरुवात केलीत, तर प्लास्टिक अंथरून होईपर्यंत पाऊस दारात आलेला असेल.